निरंक आणि अप्राप्त

कचेरीत नोकरी करणारा माणूस कविता लिहितो हे कळलं, की लोक मला हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?" आणि दुसरा, "दिवसभर आकडेमोड केल्यावर कविता सुचते तरी कशी?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मराठवाड्यात जन्मलो, मराठी शाळेत शिकलो, मराठी विषय घेऊन बी. ए. झालो, मग दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिणार? दुसऱ्याचं उत्तर जरा लांबलचक आहे. आज तेच सांगणार आहे.

कचेरीतला सगळ्यात कंटाळवाणा शब्द कोणता, असं विचारलं तर कुणीही कारकून सांगेल, 'अहवाल'. दैनिक अहवाल, साप्ताहिक अहवाल, मासिक अहवाल. मलाही तो तसाच वाटायचा. पण हा शब्द मी कचेरीच्या आधी घरात ऐकला होता. पाहुणा आला की माझी अम्मी उंबऱ्यातच विचारायची, "क्या हाल-अहवाल?" 'अहवाल' हे अरबीतल्या 'हाल' या शब्दाचं अनेकवचन. म्हणजे वरच्या कचेरीनं अहवाल मागवला, तर मुळात ती विचारपूसच असते. तुमच्या तालुक्यातली माणसं कशी आहेत, पाऊसपाणी कसं आहे? हा अर्थ माझ्या ध्यानात यायला मात्र नोकरीची चोवीस वर्षं जावी लागली, आणि त्यासाठी एक चूक व्हावी लागली.

१९९२ साली मी मराठवाड्यातल्या एका तहसील कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बुजुर्ग अव्वल कारकून बसत. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. जून लागला की रोज सकाळी दहाच्या आत तालुक्याच्या पावसाचा अहवाल जिल्ह्याला कळवण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

हा पाऊस मोजतात कसा, ते आधी सांगतो. उघड्या जागेवर एक नळकांडं रोवलेलं असतं. वर नरसाळं, आत बाटली. चोवीस तासांत जमलेलं पाणी खुणांच्या काचपात्रात ओतून मोजायचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. मोजायची वेळ सकाळी साडेआठ. त्यामुळे कागदावर '१४ तारखेचा पाऊस' असं लिहिलेलं असतं, तेव्हा तो १३ तारखेच्या सकाळी साडेआठपासून १४ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंत पडलेला असतो. नवा माणूस इथंच पहिल्यांदा चुकतो. रात्री पडलेला पाऊस तो आदल्या दिवसाच्या रकान्यात लिहून मोकळा होतो.

प्रत्येक महसूल मंडळातून आकडा यायचा. तो आजच्या रकान्यात लिहायचा, १ जूनपासूनच्या बेरजेत मिळवायचा, तालुक्याची सरासरी काढायची, वार्षिक सरासरीशी टक्केवारी लावायची. भाऊसाहेब हे सगळं अर्ध्या तासात उरकत आणि चहाला उठत. ते कसं करतात, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी लिहून ठेवलं नाही.

१९९७ च्या जुलैत भाऊसाहेब आजारी पडले. पहिल्या दिवशी आम्ही तिघं मिळून बसलो, तरी अहवाल दुपारी दोन वाजता गेला, आणि तोही चुकीचा. कुठल्या मंडळाचा आकडा कोण कळवतो, टेलिफोन बंद असला तर निरोप कुणाच्या हाती येतो, वार्षिक सरासरी कुठल्या वहीत आहे, यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. शेवटी मी सायकल काढून त्यांच्या घरी गेलो. ते अंथरुणावर होते. म्हणाले, "अरे, सगळं इथं आहे," आणि बोटानं कपाळ दाखवलं.

मला तेव्हा कौतुक वाटलं. आज वाटतं, त्या वाक्याची भीती वाटायला हवी होती. जे काम फक्त कपाळात असतं, ते माणसाबरोबर रजेवर जातं, त्याच्याबरोबर आजारी पडतं आणि एक दिवस त्याच्याबरोबर निवृत्त होतं.

खरं तर आमच्या महसूल खात्याला हे शहाणपण नवीन नाही. मुंबई इलाख्यातल्या अँडरसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं गावच्या हिशेबाचं एक पुस्तकच रचलं. 'अँडरसन मॅन्युअल' म्हणून ते आजही ओळखलं जातं. गावाच्या दप्तराचे एक ते एकवीस नमुने त्यात ठरवून दिले आहेत. त्यातला नमुना सात आणि नमुना बारा एकत्र आले आणि आपला सातबारा झाला. कोकणातला तलाठी उद्या नांदेडच्या गावी बदलून गेला तरी कुठला रकाना कशासाठी, हे त्याला विचारावं लागत नाही. कारण काम माणसाच्या डोक्यातून काढून कागदावर ठेवलेलं आहे. जमिनीच्या बाबतीत आपण एवढे जागरूक, आणि रोजच्या कामाच्या बाबतीत मात्र 'सगळं इथं आहे' म्हणून कपाळ दाखवणारे!

भाऊसाहेब १९९९ मध्ये निवृत्त व्हायच्या आधी मी महिनाभर त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि दोनशे पानी वहीत सगळं लिहून काढलं. लिहिताना कळलं, की माणसाला 'तुम्ही काय करता?' असं विचारून उपयोग नसतो. तो दहातल्या सहाच गोष्टी सांगतो. उरलेल्या चार त्याच्या हाताला इतक्या सवयीच्या झालेल्या असतात, की त्या आपण करतो हेच त्याला माहीत नसतं. त्या पाहूनच टिपाव्या लागतात. म्हणून काम सांगताना नव्हे, तर काम चालू असताना लिहावं.

प्रत्येक अहवालापुढे मी पाच प्रश्न लिहिले. आकडा कुठून येतो? कोण देतो? किती वाजेपर्यंत? त्याचं करायचं काय? आणि तो पुढे कोण वाचतो? या पाचव्या प्रश्नानं मोठी गंमत केली. एक मासिक विवरणपत्र आम्ही कित्येक वर्षं 'निरंक' असं लिहून पाठवत होतो. निरंक म्हणजे कचेरीच्या भाषेत 'सांगण्यासारखं काही नाही'. कुणाला हवं आहे म्हणून चौकशी केली, तर ज्या योजनेसाठी ते सुरू झालं ती योजनाच बंद होऊन जमाना झाला होता. तिथंही एक कारकून दरमहा ते इमानेइतबारे फायलीला लावत होता. दोन्हीकडचं काम एका पत्रानं थांबलं. यंत्रावर काम चढवण्याआधी हे बघावंच. मेलेल्या अहवालाला यंत्र जोडलं, तर तो फक्त जास्त वेगानं मेलेला राहतो.

वही पुरी झाल्यावर तिची परीक्षा घेतली. एका नवीन मुलाच्या हाती ती दिली, त्याला टेबलावर बसवलं आणि मी शेजारी तोंडाला कुलूप लावून बसलो. तो जिथं जिथं अडून माझ्याकडे बघायचा, तिथं वहीत काहीतरी राहून गेलेलं असायचं. आठ दिवसांत त्यानं एकट्यानं बिनचूक अहवाल काढला. मला वाटलं, झालं, वही पूर्ण झाली.

मग संगणक आले. सुरुवातीला आम्ही त्याचा टाइपरायटरच केला. हातानं बेरजा करायच्या आणि संगणकावर तक्ता टाइप करून छापायचा. त्यात अक्षरांची तऱ्हा अशी, की आमच्याकडचं मराठी जिल्ह्याच्या संगणकावर उघडलं की नुसती चिन्हं दिसायची. युनिकोड आल्यावर ती कटकट मिटली.

२०१२ मध्ये आमच्याकडे एक तरुण कारकून मुलगी रुजू झाली. तिनं माझी वही चाळली आणि विचारलं, "सर, हे रोज सारखंच असतं ना? मग आपण रोज का करतो?" तिनं मला एक्सेल शिकवलं. अशा तक्त्याची कल्पना १९७० च्या दशकात डॅन ब्रिक्लिन या अमेरिकन विद्यार्थ्याला वर्गात सुचली. फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडलेला असायचा, आणि त्यातला एक आकडा बदलला की प्राध्यापकांना पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्याला वाटलं, फळ्यानं हे आपणहून का करू नये? १९७९ साली त्यानं आणि बॉब फ्रँकस्टन यानं मिळून 'व्हिजिकॅल्क' नावाचा पहिला तसा तक्ता बाजारात आणला. आजचं एक्सेल त्याच वंशातलं. घराघरांत आकडे टाकायचे, आणि बेरीज, सरासरी, टक्केवारी यांची सूत्रं एकदाच लिहून ठेवायची. आकडा बदलला की पुढचं सगळं आपोआप बदलतं.

आम्ही दोघांनी वही समोर ठेवून तक्ता बांधला. एका पानावर मंडळांचे आकडे भरायचे, दुसऱ्या पानावर अहवाल तयार. महिनाभर हातानं आणि तक्त्यावर दोन्हीकडे काम केलं आणि रोज जुळवणी केली. एकदाही फरक पडला नाही. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांवर आलं. मी खूश झालो. खरं सांगतो, त्या वाचलेल्या पंचवीस मिनिटांत मी काही कविताही लिहिल्या.

आता चुकीबद्दल.

२०१६ साली बकरी ईद १३ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी १५ ला. मी दोन दिवस रजेवर. कचेरीतली बरीचशी माणसं विसर्जनाच्या बंदोबस्ताच्या तयारीत. १३ च्या रात्री तालुक्याच्या एका टोकाला धुवाधार पाऊस झाला. वीज गेली, मोबाइलचा मनोरा बंद पडला. १४ च्या सकाळी त्या मंडळाचा आकडा आला नाही. टेबलावर बसलेल्या माणसानं आलेले आकडे भरले, त्या मंडळाचं घर कोरं ठेवलं आणि अहवाल पाठवून दिला. त्याची काही चूक नव्हती. वहीत लिहिल्याप्रमाणेच त्यानं सगळं केलं होतं.

चूक तक्त्यात होती. एक्सेलमध्ये एका पानावरचं घर कोरं असेल आणि दुसऱ्या पानावरचं सूत्र त्या घराकडे नुसतं बोट दाखवत असेल, तर तिथं शून्य उमटतं. पहिल्या पानावर कोरं होतं, म्हणजे 'आकडा कळला नाही'. अहवालाच्या पानावर शून्य झालं, म्हणजे 'पाऊस पडला नाही'. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कचेरीच्या भाषेत त्यांना दोन वेगळे शब्दही आहेत. एक निरंक, दुसरा अप्राप्त. माझ्या तक्त्याला त्यातला एकच ठाऊक होता.

चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, की अतिवृष्टी धरली जाते. नुकसानीच्या पंचनाम्यांचा विचार त्यावरून सुरू होतो. म्हणजे तो आकडा नुसता आकडा नसतो, मदतीचं दार त्याच्यावर उघडतं किंवा बंद होतं. त्या मंडळाचं दार आमच्या शून्यानं बंद करून टाकलं.

ऑक्टोबरात एक म्हातारा शेतकरी माझ्या टेबलासमोर उभा राहिला. आता भाऊसाहेब मी झालो होतो. तो म्हणाला, "भाऊसाहेब, शेजारच्या मंडळाचं नाव यादीत हाय, आमचं न्हाई. त्या रातीला माझ्या दोन शेळ्या वढ्यानं नेल्या. अन् तुमच्या कागदावर ऊन पडलंय व्हय?"

मी अहवालांची फाइल काढली. १४ सप्टेंबर, शून्य. मग त्या गावच्या कोतवालाची वही मागवली. त्यात त्याच तारखेला निळ्या शाईत स्वच्छ लिहिलेलं होतं, ८२. त्या माणसानं भर पावसात जाऊन आपलं काम चोख केलं होतं. फोन लागेना म्हणून दुसऱ्या दिवशी तो स्वतः तालुक्याला येऊनही गेला होता. टेबलावर कुणी नव्हतं, म्हणून शिपायाला सांगून गेला. तो निरोप बंदोबस्ताच्या गडबडीत हरवला.

माझ्या डोळ्यांसमोर भाऊसाहेबांची सकाळ उभी राहिली. आकडा आला नाही की ते काय करत? खुर्चीतून उठत. जवळच्या गावी फोन करत, एस. टी.च्या कंडक्टरला विचारत, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर त्या घरात आडवी रेघ मारून शेजारी 'अप्राप्त' लिहीत. शून्य कधीच लिहीत नसत. मी महिनाभर त्यांच्याशेजारी बसलो होतो, पण त्या महिन्यात प्रत्येक आकडा वेळेवर आला होता. त्यामुळे ते उठले नाहीत, आणि माझ्या वहीत त्यांचं उठणं आलं नाही. जे वहीत आलं नाही, ते तक्त्यात कुठून येणार? महिनाभराच्या जुळवणीतही ते सापडलं नाही, कारण त्या महिन्यातही सगळे आकडे आले होते. आपण चांगल्या दिवसांवरच परीक्षा घेतो आणि वाईट दिवशी नापास होतो.

कोतवालाच्या वहीची प्रत आणि मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल जोडून तहसीलदारांच्या सहीनं दुरुस्तीचं पत्र गेलं. चूक कशी झाली, हे मी त्यात कबूल केलं. दुरुस्ती मान्य झाली आणि पंचनामे झाले, पण उशिरा. तोवर कित्येकांनी भिजलेलं सोयाबीन कापून रान मोकळं केलं होतं. मोकळ्या रानात नुकसान दाखवणार कसं? काहींना मदत मिळाली, काहींना नाही. ज्यांना नाही मिळाली, त्यांच्या वाट्याचं शून्य माझ्या तक्त्यानं लिहिलेलं होतं. ही गोष्ट मी विसरू शकत नाही, आणि विसरूही नये.

अशी चूक फक्त तालुक्याच्या कचेरीतच होते असं नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, कोरोनाच्या ऐन साथीत, इंग्लंडमध्ये बाधितांची जवळपास सोळा हजार नावं दैनिक आकड्यांतून गळली. प्रयोगशाळांकडून आलेली यादी एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये आपोआप ओतली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी निमूटपणे बाहेर राहिल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घ्यायला त्यामुळे उशीर झाला. तिथंही यंत्र बिघडलं नव्हतं. भरलं की ते गप्प बसतं, एवढंच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माणूस अडला की निदान मान वर करून बघतो. यंत्राला मुद्दाम शिकवल्याशिवाय ते बघत नाही.

म्हणून आम्ही तक्ता मोडला नाही, त्याला शिकवलं. घर कोरं असेल तर अहवालात शून्य न येता लाल अक्षरांत 'अप्राप्त' उमटतं. मंडळापुढे तिथल्या तीन माणसांचे फोन नंबर येतात. सरासरी काढताना न आलेलं मंडळ भागाकारात धरलं जात नाही, आणि किती मंडळांवरून सरासरी काढली ते खाली लिहिलं जातं. मागाहून आकडा आला तर 'सुधारित' असा शेरा मारून त्याच दिवशी नवा अहवाल जातो. आणि वहीत एक नवीन पान लागलं: 'आकडा आला नाही तर'. आज ते वहीतलं सगळ्यात मोठं पान आहे.

आता दिवस आणखी बदलले. राज्यातल्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत. तिथं पाऊस लहानशा झुलत्या पळीत पडतो, पळी भरली की उलटते, आणि किती वेळा उलटली ते यंत्र मोजून परस्पर वर कळवतं. चांगलीच सोय आहे. पण त्याच्याही नरसाळ्यात पालापाचोळा अडकतो, कोळी जाळं विणतो. मग बाहेर मुसळधार पाऊस पडत असताना पळी उलटत नाही, आणि यंत्र शांतपणे कळवतं, शून्य. म्हणजे शेजारच्या मंडळात सत्तर आणि इथं शून्य असं दिसलं, तर फोन उचलणारं कुणीतरी टेबलावर हवंच.

तुमचं काम पावसाचं नसेल. शाळेतला पटाचा अहवाल असेल, पतपेढीची रोजची शिल्लक असेल, दवाखान्यातली औषधांची यादी असेल. ते जरूर लिहून काढा आणि जरूर यंत्रावर चढवा. तेच ते आकडे रोज हातानं उतरवण्यात कसलीही थोरवी नाही. फक्त लिहिताना काम सुरळीत चालतं तेव्हा काय करता एवढंच लिहू नका, बिघडतं तेव्हा काय करता तेही लिहा. आणि यंत्रानं वाचवलेल्या वेळातली पाच मिनिटं त्याच अहवालाकडे बघण्यासाठी राखून ठेवा. मी ती सगळीच कवितेला दिली होती.

माझ्या निवृत्तीला आता थोडेच महिने उरले आहेत. वही तिसऱ्यांदा बांधून घेतली आहे. पहिल्या पानावर भाऊसाहेबांचं नाव आहे, कारण त्यातलं निम्मं त्यांचं आहे. ज्या मुलीनं मला एक्सेल शिकवलं, ती आता दुसऱ्या तालुक्यात अव्वल कारकून आहे. परवा तिचा फोन आला होता. "सर, वहीची एक प्रत द्याल का? आणि ते 'आकडा आला नाही तर'चं पान नक्की घाला."

मी म्हटलं, "बेटा, आधी तेच पान पाठवतो."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)